मेंढ्यांच्या पॅडॉकमध्ये रायग्रास आणि पांढरा क्लोव्हर दोन्ही कसे टिकवायचे

पॅडॉक हिरवागार आहे, गवत घोट्याच्या वर आलंय, तरी कोकरं भरत नाहीयेत आणि क्लोव्हर तर शोधून सापडत नाही, काय करू? हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या बऱ्याच मराठी मंडळींनी मला विचारलाय. पॅडॉक म्हणजे कुंपण घातलेलं चराईचं रान, रायग्रास हे त्यातलं मुख्य गवत, आणि क्लोव्हर म्हणजे त्याच्या जोडीला असलेलं हरभऱ्याच्या कुळातलं, जमिनीवर रांगणारं झाड. कोणी इथे न्यूझीलंडला फार्मवर नवीन कामाला लागलेलं असतं, तर कोणी हॅमिल्टनकडे गावाबाहेर पाच-सात एकर घेऊन वीस-तीस मेंढ्या पाळलेल्या असतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो. मी मूळचा माण तालुक्यातला, गेली नऊ वर्षं दक्षिण बेटावर साउथलंडमध्ये गोअरच्या बाजूला मेंढ्यांच्या फार्मवर आहे, त्यामुळे इथलं थंड-ओलं हवामान धरून लिहितोय. इथले ऋतू आपल्याकडच्या उलट असतात, जून ते ऑगस्ट हिवाळा आणि डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. उत्तर बेटावर असाल तर महिने थोडे मागेपुढे करून घ्या.

बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी एवढं ठेवा: क्लोव्हर बहुतेक वेळा जातो तो अंधाराने जातो. मेंढ्यांनी खाऊन संपवला असं वाटतं, पण खरं तर त्याच्या डोक्यावर गवत वाढू दिलेलं असतं आणि खाली त्याला ऊन मिळालेलं नसतं. त्यामुळे खालचं सगळं वाचताना मनात एकच प्रश्न ठेवा, की मी आत्ता जे करतोय त्याने जमिनीजवळ उजेड पोचतोय का नाही.

आधी गुडघ्यावर बसा

गाडीतून पॅडॉक बघून काही कळत नाही हो. खाली उतरा, गुडघ्यावर बसा, दोन्ही हातांनी गवत बाजूला करा आणि अगदी मातीलगत बघा.

रायग्रास म्हणजे फुटव्यांचं गवत, गव्हाला फुटवे येतात तसेच. एक फुटवा बुडापासून उपटून घ्या, बुडाशी लालसर-जांभळट रंग दिसेल आणि पानाची मागची बाजू तेल लावल्यासारखी चकचकीत असेल, ही त्याची ओळख. आता त्यावरची पानं मोजा. एका फुटव्यावर जिवंत पानं साधारण तीनच राहतात, चौथं बाहेर आलं की सगळ्यात जुनं पिवळं पडून मरतं. म्हणजे चौथ्याची वाट बघत बसलात तर चारा वाढत नाही, नुसता खालून कुजत जातो. उलट एकच पान आलेलं असताना परत मेंढ्या सोडल्या तर गवत मार खातं, कारण त्याची साखर बुडाच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये साठवलेली असते आणि चरून गेल्यावर पहिलं पान त्याच शिदोरीवर निघतं. दुसरं-तिसरं पान आलं की शिदोरी परत भरते. म्हणून पॅडॉक फिरवत चारत असाल तर दोन ते तीन पानांच्या मध्ये मेंढ्या आत घ्या. वसंतात एक पान यायला आठ-दहा दिवस लागतात, इथल्या हिवाळ्यात त्याच पानाला जवळजवळ महिनासुद्धा लागतो, तेव्हा कॅलेंडरवर जाऊ नका, पानं मोजा.

क्लोव्हरचं गणित वेगळं. माझ्या वडिलांनी व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा बघितला तेव्हा ते म्हणाले, "अरे ही मेथी कुणी पेरली रानात?" तीन पानांची पत्ती, खरंच मेथीसारखी, फक्त बहुतेक पानांवर फिकट पांढरी चंद्रकोर असते. पण पान बघून थांबू नका, त्याचा देठ धरून खाली खाली जा, तो जमिनीवर आडव्या पडलेल्या खोडापर्यंत जाईल. हरळी जशी पेरापेरावर मुळं टाकत रांगत जाते ना, तसंच हे खोड रांगतं. प्रत्येक पेराशी एक पान, एक डोळा, आणि ओल असेल तर खाली मूळ. वाढणारा शेंडा खोडाच्या टोकाला, मातीला चिकटून. मेंढी पान आणि देठ खाते, शेंडा बहुतेक वेळा वाचतो, म्हणूनच मेंढ्यांच्या तोंडाखाली हे झाड टिकतं. लसूणघास शेंड्यातून आणि बुडातून वर फुटते, तिच्यावर मेंढ्या सतत बसल्या तर ती संपते, पांढरा क्लोव्हर नाही संपत.

आणखी एक गोष्ट जी मला पहिली तीन वर्षं कोणी सांगितली नव्हती: बियाण्यातून आलेलं मुख्य मूळ फार तर वर्ष-दोन वर्षं जगतं. नंतर ते मरतं आणि एका झाडाची पाच-दहा छोटी झाडं होतात, प्रत्येक जण आपापल्या खोडावर आणि पेराच्या बारक्या मुळांवर अवलंबून. मागून मरत जातो आणि पुढून वाढत जातो, असा हा प्रकार आहे. म्हणून नवीन पॅडॉकमध्ये दोन वर्षं क्लोव्हर छान दिसतो आणि तिसऱ्या वर्षी एकदम गायब होतो, कारण तोपर्यंत खोडांचं जाळं झालेलं नसतं. पहिल्या दोन वर्षांत हे जाळं करून घेणं हेच खरं काम.

नायट्रोजन येतो कुठून

हरभऱ्याचं बेवड चांगलं असतं हे आपल्याकडे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. इथेही तेच आहे, फक्त बेवड वर्षभर चालू असतं. क्लोव्हरच्या मुळावर गाठी असतात, त्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात. खुरप्याने एक ढेकूळ काढा, माती पाण्यात हलकेच धुवा, बारक्या गाठी दिसतील, त्यातली एक नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती काम करतेय, पांढरी-राखाडी किंवा हिरवट असेल तर नाही. मला अजूनही दर वसंतात पहिली गुलाबी गाठ दिसली की बरं वाटतं.

अंदाज धरायचा तर १ टन कोरड्या क्लोव्हर चाऱ्यामागे २५ ते ३० किलो नायट्रोजन. समजा तुमच्या एका हेक्टरात, म्हणजे अडीच एकरात, वर्षाला १० टन कोरडा चारा होतो आणि त्यात पाचवा हिस्सा क्लोव्हर आहे, तर २ टन क्लोव्हर म्हणजे ५०-६० किलो नायट्रोजन झाला, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास युरिया, आणि तो कोणी पोत्यातून आणून टाकलेला नाही.

पण हा नायट्रोजन क्लोव्हरच्या मुळातून सरळ गवताच्या मुळात जातो असं समजू नका, तसा फार थोडा जातो. क्लोव्हरची जुनी खोडं-मुळं कुजतात त्यातून जातो, आणि मोठा वाटा मेंढीच्या पोटातून लेंड्या आणि मुताच्या रूपाने जमिनीवर येतो. आमच्या गावाकडे उन्हाळ्यात रानात मेंढ्या बसवायची पद्धत आहे, धनगरांचा कळप रात्री शेतात बसवायचा आणि त्याचे पैसे नाहीतर धान्य द्यायचं, ते याच्याचसाठी. इथे कुंपणाच्या आत तेच होतं, फक्त मेंढ्या आपल्या मर्जीने बसतात. रात्री त्या उंचवट्यावर जाऊन बसतात, तिथे सगळं खत साठतं, आणि उतारावरची जमीन रोडावत जाते. टेकडीचं पॅडॉक असेल तर माथ्यावर गडद हिरवं गवत आणि उतारावर फिकट असं चित्र याच कारणाने दिसतं. पॅडॉक लहान करून जास्त मेंढ्या थोडे दिवस ठेवल्या तर खत जरा बरं पसरतं.

मूत पडलं त्या जागी बघा, आठ-दहा दिवसांत गवत एकदम काळपट हिरवं होऊन उसळतं आणि क्लोव्हर मागे हटतो. काही महिन्यांनी तिथला नायट्रोजन संपला की क्लोव्हर बाजूने रांगत परत येतो. हेच मोठ्या प्रमाणात अख्ख्या पॅडॉकमध्ये होतं, क्लोव्हर जमीन सुधारतो, सुधारली की गवत जोर धरतं, गवताने जोर धरला की क्लोव्हर कमी होतो, मग नायट्रोजन कमी पडला की पुन्हा क्लोव्हर. त्यामुळे एखादं वर्ष क्लोव्हर कमी दिसला म्हणून लगेच घाबरून नांगरट करू नका. सलग दोन-तीन वर्षं कमीच दिसतोय तेव्हा मात्र काहीतरी चुकतंय.

जमीन तपासा, मग पैसे घाला

सॉइल टेस्ट केल्याशिवाय खत टाकू नका. इथे कुरणासाठी नमुना साडेसात सेंटीमीटर खोलीचा घेतात, दर वेळी त्याच रेषेवरून आणि वर्षाच्या त्याच महिन्यात, कुंपण, गेट, पाण्याची टाकी आणि मेंढ्यांच्या बसायच्या जागा सोडून. पीएच ५.८ ते ६ च्या आसपास हवा. कमी असेल तर लाइम, म्हणजे चुनखडीची भुकटी, टाका, ढोबळ हिशेब असा की हेक्टरी १ टन लाइमने पीएच ०.१ ने वर सरकतो, आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून पेरणी ठरली असेल तर लाइम आधीच टाकून ठेवा.

फॉस्फरससाठी ऑल्सेन पी म्हणून आकडा येतो, मेंढ्यांच्या फार्मला साधारण २० ते ३० मध्ये असला की बरं. इथे क्लोव्हरची बाजू पडती असते, कारण गवताची मुळं बारीक आणि दाट, फॉस्फरस-पोटॅश आधी ती ओढून घेतात आणि उरलंसुरलं क्लोव्हरला. जमिनीत कमी असेल तर उपाशी आधी क्लोव्हर राहतो. सुपरफॉस्फेटमध्ये फॉस्फरस ९ टक्के आणि गंधक ११ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि क्लोव्हरला दोन्ही लागतात, म्हणूनच या देशात सुपर इतकं चालतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८-४९ च्या सुमाराला, हवाई दलाच्या विमानांनी टेकड्यांवर खत टाकून बघितलं आणि मग उतारावरच्या जमिनीसुद्धा क्लोव्हरच्या जोरावर चराईखाली आल्या. १९८२ मध्ये इथे ७ कोटींवर मेंढ्या होत्या, आज अडीच कोटींच्या खाली आल्यात, पण त्या ७ कोटींच्या मागे हे बारकं तीन पानांचं झाड होतं हे विसरू नका.

मॉलिब्डेनम हा एक बारीक घटक गाठींना लागतो, तो कमी असेल तर बाकी सगळं देऊन उपयोग नाही. पण मनाने टाकू नका, जास्त झाला तर मेंढ्यांना तांबं कमी पडतं. आधी क्लोव्हरच्या पानांची टेस्ट करून घ्या.

पेरणी

आमच्याकडे हिवाळ्यात मेंढ्या स्वीड (सलगमसारखा कंद) नाहीतर केल (कोबीच्या जातीचा पाला) या चारापिकांवर असतात, ते रान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोकळं होतं आणि तिथे नवीन कुरण पेरतो. साउथलंडमध्ये क्लोव्हरला वसंतातली पेरणी मानवते कारण पुढे जमीन गरम होत जाते. शरदात पेरायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला उरका, एप्रिल निम्मा झाला की गवत येईल पण क्लोव्हर थंडीत तसाच बसून राहील.

बियाण्याचं प्रमाण हेक्टरी १५ किलोच्या आसपास रायग्रास आणि ३-४ किलो क्लोव्हर. लोक इथे चुकतात, रान लवकर हिरवं दिसावं म्हणून रायग्रास २५ किलो टाकतात, आणि ते सहा आठवड्यांत क्लोव्हरच्या रोपांना झाकून टाकतं. टेट्राप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रं दुप्पट असलेल्या, जातीचं बी जाड असतं, त्याला थोडं वाढवून घ्या, बाकी हात आवरता ठेवा. क्लोव्हरच्या एका किलोत साधारण १५ लाख बिया असतात, ४ किलो म्हणजे चौरस मीटरला ६००, कमी नाहीयेत. मात्र बियाण्यावर कोटिंग असेल तर त्या वजनात बी कमी आणि लेप जास्त असतो, पाकिटावर बघून प्रमाण वाढवा.

खोली हा सगळ्यात मोठा मुद्दा. क्लोव्हर १ सेंटीमीटरच्या खाली नको, बी मोहरीपेक्षाही बारीक आहे, त्याच्यात वर यायला तेवढी ताकद नसते. एका वर्षी आम्ही बाहेरच्या माणसाकडून ड्रिल, म्हणजे पेरणीयंत्राने पेरणी, करून घेतलं, माती भुसभुशीत होती, नीट दाबलेली नव्हती, चाकं बुडत होती आणि बी तीन सेंटीमीटरवर गेलं. रायग्रास आलं झकास. क्लोव्हर ओळीत कुठे कुठे एखादा. तेव्हापासून माझा नियम आहे की पेरणीआधी रानात चालून बघायचं, बुटाची टाच एक सेंटीमीटरपेक्षा जास्त रुतली तर परत रोलर फिरवायचा, आणि ड्रिल सुरू झाल्यावर पहिल्या वीस मीटरनंतर थांबवून हाताने माती उकरून बी कुठे पडलंय ते बघायचं. ड्रिलवाला वैतागतो, वैतागू दे. बारीक बियाण्याची वेगळी पेटी असेल तर क्लोव्हर त्यातून सोडा, एकाच पेटीत मिसळलं तर हादऱ्याने बारीक बी खाली बसतं आणि सुरुवातीला सगळा क्लोव्हर, शेवटी सगळं गवत असं होतं.

जात कुठली? मेंढ्यांसाठी लहान किंवा मध्यम पानाचा क्लोव्हर घ्या. टेकडीसाठी ताहोरासारखा लहान पानाचा, तो खोडं दाट करतो आणि जवळून चरलेलं सोसतो. मोठ्या पानाचा, कोपूसारखा, गाईंच्या फार्मसाठी, तिथे चराई उंच असते. रायग्रास घेताना त्यातली बुरशी कुठली ते विचारा, त्याबद्दल पुढे लिहितो. जुन्या कुरणाच्या मातीत रायझोबियम असतातच, अगदी नवी फोडलेली जमीन असेल तर जिवाणू लावलेलं बी घ्या.

पहिली चराई: रोपं आठ-दहा सेंटीमीटर झाली की अंगठा आणि बोटात पान धरून मेंढी ओढते तसं ओढा. पान तुटलं तर तयार, मुळासकट हातात आलं तर अजून थांबा. तयार झालं की हलक्या वजनाच्या मेंढ्या भरपूर संख्येने एक-दोन दिवसांसाठी सोडा, वरचं वर खाऊ द्या आणि बाहेर काढा. जमीन चिकचिकीत ओली असताना नको, वाफसा बघून. ही पहिली चराई लवकर झाली पाहिजे. बघवत नाही म्हणून लोक थांबतात, इतकं छान उगवलेलं रान कशाला खायला घालायचं असं वाटतं, मला कळतं ते, पण तोवर खाली क्लोव्हर गुदमरतो.

वर्षभराची चराई

हिवाळ्यात, जूनपासून ऑगस्टपर्यंत, कुरणावरच्या मेंढ्या लांब फेरीने फिरवा, एका पॅडॉकवर परत यायला ८०-१०० दिवस. चरताना खाली दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत साफ खाऊ द्या. हिवाळ्यात गांडुळांच्या विष्ठेने आणि मेंढ्यांच्या खुरांनी क्लोव्हरची बरीचशी खोडं मातीखाली जातात, वसंतात ती परत वर येतात, आणि वर येताना डोक्यावर जुनं कुजकं गवत नसेल तर डोळे फुटतात. फक्त पाऊस लागून चिखल झाला असेल तर मेंढ्या हलवा, चिखलात खोड तुटतं आणि सडतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने क्लोव्हरचं वर्ष ठरवतात. जमीन ५-६ अंशांच्या वर गेली की रायग्रास हलायला लागतं, क्लोव्हरला ८-१० तरी लागतात, म्हणजे गवत महिनाभर आधी पळत सुटतं. त्याच वेळेला आमच्याकडे मेंढ्या विणायला लागतात आणि आम्ही त्यांना पॅडॉकमध्ये पसरून सोडतो, सेट स्टॉकिंग म्हणतात, म्हणजे एकाच जागी ठेवायच्या, हलवायच्या नाहीत, नाहीतर आई-कोकरांची ताटातूट होते. इथे पानं मोजायची नसतात, उंची बघायची. ३-४ सेंटीमीटर असेल तर मेंढीला दूधही येतं आणि खाली उजेडही पोचतो. तीनच्या खाली गेलं तर जुळी असलेली मेंढी वाळते, सहा-सातच्या वर गेलं तर क्लोव्हर झाकला जायला लागतो. वर जायला लागलं की काही पॅडॉक रिकामे करून मेंढ्या उरलेल्यांत दाटीने ठेवा आणि मोकळ्या केलेल्यांत गुरं घाला नाहीतर बेलेज (गवत कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळून मुरवलेला चारा) कापा. मी दर चार दिवसांनी मोटरसायकलवरून उतरून बुटावरची खूण बघतो, बुटाला चार सेंटीमीटरवर पेनाने रेघ मारलीय, तेवढी पट्टी पुरते.

नोव्हेंबरात रायग्रास पोटरीत येतं, दांडा वर सरकायला लागतो. इथे चुकलात तर लोंब्या येतात, मेंढ्या तोंड लावत नाहीत आणि महिनाभर क्लोव्हरवर सावली. दांडा वर येत असतानाच जोराने चारा, म्हणजे तो फुटवा कापला जातो आणि बुडातून नवे फुटवे निघतात.

मी स्वतः इथेच फसलो होतो. चौथं वर्ष होतं, माझ्याकडे पहिल्यांदा चार पॅडॉक पूर्ण सोपवले होते. ऑगस्टमध्ये चारा कमी पडेल म्हणून एका पॅडॉकला युरिया मारला, मग ऑक्टोबरात गवत इतकं आलं की तेच पॅडॉक बेलेजसाठी बंद केलं, पावसाने कापणी तीन आठवडे लांबली. डिसेंबरात गवत उचललं तेव्हा खाली जमीन पिवळी-पांढरी, क्लोव्हरची खोडं दोरीसारखी लांब, बारीक, मधली पेरं उघडी, डोळे एकही फुटलेला नाही. मी तिथे बराच वेळ बसून होतो. ते पॅडॉक सावरायला दोन वर्षं गेली. चूक दुहेरी होती, नायट्रोजन फुकट मिळाला की क्लोव्हर गाठींचं काम कमी करतो, आणि त्याच नायट्रोजनने गवत त्याच्या डोक्यावर चढतं. युरिया टाकूच नका असं माझं म्हणणं नाही, चारा खरंच कमी असेल तर थोडा टाका, पण टाकलात तर ते वाढलेलं गवत वेळेत खाऊन संपवायची मेंढ्यांची सोय आधी करा. आणि बेलेजसाठी दर वर्षी तेच पॅडॉक बंद करू नका. तसंही जुलै २०२१ पासून इथे चराईच्या जमिनीवर वर्षाला हेक्टरी १९० किलो कृत्रिम नायट्रोजनची कायद्याने मर्यादा आहे, मेंढ्यांच्या फार्मवर त्याच्या जवळपासही जायची गरज पडत नाही.

डिसेंबरनंतर बाजी उलटते. ऊन वाढलं की रायग्रास मंदावतं, क्लोव्हर त्याचा राजा, त्याला २४-२५ अंश मानवतात. नुकती दुधावरून तोडलेली कोकरं याच क्लोव्हरवर टाका. क्लोव्हर पोटात लवकर पचून पुढे सरकतो म्हणून कोकरू जास्त खातं आणि लवकर भरतं. मेंढीला निवड दिली तर ती साधारण ७० टक्के क्लोव्हर आणि ३० टक्के गवत खाते, सकाळी क्लोव्हर जास्त आणि संध्याकाळकडे गवत. सकाळी सातला कळपात उभं राहून बघा, मान खाली घालून ओठांनी पानं वेचताना दिसतात, गवताची काडी बाजूला सारून. कोकरांना अगदी जमिनीपर्यंत चरायला लावू नका, जंतांची पिल्लं खालच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये जास्त असतात, खालचं उरलेलं मोठ्या मेंढ्यांना द्या.

पण दुष्काळ पडला तर सगळं उलटं करा. वसंतात मी साफ खाऊ द्या म्हणतोय, उन्हाळ्यात नाही. क्लोव्हरची मुळं उथळ, उघडं पडलेलं खोड तापलेल्या मातीवर भाजून मरतं. कोरड पडली की थोडं आच्छादन ठेवून मेंढ्या काढा, एकाच पॅडॉकवर त्यांना ठेवून बाहेरचा चारा घाला आणि बाकीची वाचवा. पाऊस परत आला की लगेच सोडू नका, क्लोव्हरला एक फेर पानं धरू द्या. चार-पाच वर्षांतून एखादा उन्हाळा पॅडॉक फुलूनही द्यावं, मधमाश्या येतात, बी पडतं, आणि क्लोव्हरचं कडक बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

काय काय बिघडतं

क्लोव्हरच्या पानाच्या कडेला अर्धगोल चावे दिसले, जणू कोणी पंचिंग मशीनने कातरलंय, तर तो क्लोव्हर रूट वीव्हिल, एक बारका सोंड्या किडा. १९९६ मध्ये वाइकाटोत सापडला आणि मग खाली दक्षिणेपर्यंत आला. पानांचं नुकसान किरकोळ असतं, खरं नुकसान त्याची अळी करते, ती गाठी आणि मुळं खाते. २००६ मध्ये आयर्लंडहून आणलेली बारीक गांधीलमाशी सोडली गेली, ती वीव्हिलच्या अंगात अंडं घालते, आणि आता त्याचा जोर बराच कमी झालाय. त्यामुळे चावे दिसले म्हणून लगेच फवारणीच्या मागे लागू नका, माशीही मरेल.

रायग्रासच्या आत एक बुरशी राहते, एंडोफाइट, डोळ्याला दिसत नाही, बियाण्यातूनच पुढच्या पिढीत जाते. ती गवताला किडींपासून वाचवते पण जुन्या मूळ प्रकारातली लोलिट्रेम नावाचं विष बनवते, त्याने मेंढ्यांना स्टॅगर्स, म्हणजे अंग थरथरून तोल जाण्याचा आजार, होतो. हा संबंध इथल्याच संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवला. जानेवारी ते मार्च, गवत कोरडं आणि बुडापर्यंत खाल्लेलं असताना होतो, कारण विष बुडाशी आणि लोंबीत जास्त असतं. कळप शांत चरत असतो, काहीच दिसत नाही, कुत्रा सोडला की चार मेंढ्यांची डोकी थरथरायला लागतात, पाय ताठ होतात, आणि पळता पळता आडव्या पडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मेल्या. कुत्रा परत बोलवा, लांब जा, थोड्या वेळात त्या आपणहून उठतात. पाण्याच्या खड्ड्यांपासून आणि ओढ्यापासून लांब असलेल्या, क्लोव्हर जास्त असलेल्या पॅडॉकमध्ये सावकाश हलवा. नवीन पेरताना एआर१ किंवा एआर३७ एंडोफाइटचं बी घ्या, एआर१ मध्ये लोलिट्रेम नसतं, एआर३७ मध्येही नसतं, पण त्याने क्वचित हलका स्टॅगर्स होऊ शकतो, किडींपासून संरक्षण मात्र जास्त देतं. ही बुरशी जिवंत असते, बियाण्याची पोती गरम दमट शेडमध्ये वर्षभर ठेवलीत तर बी उगवेल पण बुरशी मेलेली असेल.

दाट क्लोव्हरवर एकदम उपाशी मेंढ्या सोडू नका, आधी पोटात थोडं गवत जाऊ द्या. पोट फुगण्याचा त्रास गाईंना जास्त होतो, मेंढ्यांना कमी, पण जोमाने वाढणारी कोकरं पल्पी किडनीने (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा आजार) अचानक मरतात, त्याची लस दुधावरून तोडायच्या वेळेला चुकवू नका.

गावाकडून बरेच जण विचारतात की हे बी पाठवशील का. महाराष्ट्रात पेरू नका, पांढऱ्या क्लोव्हरला आपला एप्रिल-मे सोसत नाही. तिथे लसूणघास, बरसीम, दशरथ घास, स्टायलो यांनीच काम होतं.

किती क्लोव्हर आहे ते मोजायचं कसं

वर्षाच्या एकूण चाऱ्यात ३० टक्के क्लोव्हर हे धरायचं उद्दिष्ट. वसंतात १० टक्केच दिसेल, भर उन्हाळ्यात ४०, चालतं. पण नजरेवर विश्वास ठेवू नका. क्लोव्हरचं पान आडवं पसरतं आणि गवताचं उभं असतं, त्यामुळे वरून बघताना क्लोव्हर असतो त्याच्या दुप्पट वाटतो.

मी असं करतो: जानेवारीत एका दिवशी, दव उतरल्यावर, पॅडॉकच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात चालत जायचं, दर तीस पावलांवर जिथे पाय पडेल तिथेच मूठभर चारा कात्रीने मेंढी खाते त्या उंचीवर कापून पिशवीत टाकायचा, जागा निवडायची नाही. अशा दहा-बारा मुठी. घरी आणून टेबलावर पेपर पसरून सगळं एकत्र कालवायचं, त्यातली दोन मूठ घेऊन निवडायला बसायचं, क्लोव्हर एकीकडे, गवत एकीकडे, तण आणि वाळलेलं तिसरीकडे. बायको भाजी निवडते तिथेच मी बसतो, अर्धा तास लागतो. मग तिन्ही ढीग वेगवेगळे मायक्रोवेव्हमध्ये, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवून, दोन-दोन मिनिटं करत वाळवायचे, वजन उतरायचं थांबलं की किचनच्या काट्यावर तोलायचे. क्लोव्हर ओला असताना पाणी जास्त धरतो, म्हणून न वाळवता तोललात तर आकडा फुगलेला येईल. पॅडॉकचं नाव, तारीख आणि टक्के कागदी पिशवीवर लिहून ती शेडमध्ये सॉइल टेस्टच्या फाइलला लावून ठेवा, आणि मेमध्ये त्याच रेषेवरून चालत जाऊन बुटाच्या टाचेने पाच ठिकाणी गवत बाजूला सारून खोडांचे शेंडे मोजून त्याच पिशवीवर खाली लिहा.